काळ्या कानांची सुरी: बल्गेरियन काराकुलाक नेमकी कुणाची?

काराकुलाक हातात घेतली की नजर आधी मुठीच्या टोकाकडे जाते. शिंगाच्या दोन चिपा तिथे एकमेकींपासून फाकतात आणि कान टवकारलेल्या जनावरासारख्या दिसतात. नावही तिथूनच आलं. तुर्कीत ‘कारा’ म्हणजे काळा, ‘कुलाक’ म्हणजे कान. मूठ म्हशीच्या काळ्या शिंगाची, म्हणून काळे कान. हे नाव आपल्याला दुसऱ्या वाटेने ओळखीचं आहे. कानांच्या टोकांना काळे झुपके असलेलं शशकर्ण हे रानमांजर इंग्रजीत ‘कॅराकल’ म्हणून गेलं ते याच तुर्की शब्दावरून. उत्तर हिंदुस्थानात त्याला ‘स्याहगोश’ म्हणतात. ते फारसी, पण अर्थ तोच.

बल्गेरियात काराकुलाक ही मेंढपाळाची सुरी मानली जाते, आणि वादही इथूनच सुरू होतो. बल्गेरियन संग्राहक म्हणतात, ही आमच्या डोंगरातली, आमच्या लोहारांनी आमच्या मेंढपाळांसाठी घडवलेली. तुर्की बाजू म्हणते, नाव तुर्की, मूठ यातागान या तुर्की लढाऊ तलवारीची, तेव्हा ही उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांची. जुन्या हत्यारांचे पश्चिम युरोपातले व्यापारी कित्येक वर्षं तिच्यावर ‘तुर्की यातागान’ किंवा नुसतं ‘बाल्कन सुरा’ अशी चिठ्ठी लावून विकत आले. बल्गेरियातलाच एक गट आणखी मागे जातो आणि सुरीचं मूळ थेट थ्रेशियन लोकांपर्यंत, म्हणजे या मुलखातल्या प्राचीन रहिवाशांपर्यंत, नेऊन भिडवतो. प्रत्येकाच्या हातात पुरावा असतो, पण तो वेगवेगळ्या प्रश्नाचा. शब्द कुठला, आकार कुठला, घडवणारा कोण आणि वापरणारा कोण, हे चार प्रश्न वेगळे आहेत. ते एकत्र कालवले की भांडण सुटत नाही.

आधी वस्तू नीट पाहू. पातं एकधारी, बहुधा पाव ते अर्धा मीटर लांब, सरळ किंवा टोकाकडे अगदी किंचित वाकलेलं. मुठीजवळ पाठ चांगली जाड असते आणि टोकाकडे उतरत जाते. या जाडीमुळे एकाच सुरीने बकरं कापता येतं, भाकर चिरता येते आणि कुंपणाची फांदीही तोडता येते. मुठीत शिरणारी पोलादी पट्टी मुठीच्या पूर्ण आकाराची असते. तिच्या दोन्ही अंगांना शिंगाच्या चिपा बसवून आरपार खिळे ठोकतात, आणि कडेची फट पितळेच्या किंवा चांदीच्या पट्टीने झाकतात. मूठ आणि पातं यांच्यामध्ये हात राखणारी आडवी पट्टी नसते. त्यामुळे सुरी म्यानात मुठीसह खोल बसते आणि बाहेर उरतात ते जवळजवळ फक्त कान. मेंढपाळ ती कमरेच्या ‘सिल्याह’मध्ये खोचायचा, म्हणजे कप्पे असलेल्या रुंद चामडी पट्ट्यात. या शब्दातलं ‘सिलाह’ म्हणजे हत्यार, आणि आपला शिलेदार त्याच शब्दातून आला.

यातागानाशी गोंधळ होतो तो या कानांमुळे. यातागान मोठा असतो, त्याचं पातं आधी पुढे झुकून टोकाशी पुन्हा सावरतं, कान मोठे आणि पसरट असतात; तो लढाईचं हत्यार आहे. बोस्नियातली ‘बिचाक’ अरुंद, सरळ आणि बिनकानाची. क्रेटमधल्या सुरीची मूठ शेवटी व्ही आकारात दुभंगते आणि पात्यावर पुष्कळदा दोन ओळींचं लोकगीत कोरलेलं असतं. हानिया शहरात सुऱ्या करणाऱ्यांची जुनी गल्ली आजही दाखवतात. चौघी एकाच उस्मानी बाजारपेठेत वाढलेल्या बहिणी आहेत. त्यांच्यातली एक दुसरीची आई, असं ठरवायची घाई संग्राहकांना फार असते.

घडवण्याची रीत पाहिली की वादाचा बराच भाग आपोआप हलका होतो, कारण ती कुठल्याही एका जमातीची नव्हती. पोलाद महाग, म्हणून पात्याचं अंग साध्या लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी, असा जोड भट्टीत मारायचा. जोड मारताना लोखंडाची पापडी नीट निघाली नाही तर ती आत अडकते आणि धारेला समांतर बारीक काळी रेघ राहते. पुढे कधीतरी पोलाद तिथूनच सुटतं. जुन्या सुऱ्यांवर अशी रेघ दिसली तर ती लोहाराची चूक समजावी, नक्षी नव्हे. पाणी देताना फक्त धार बुडवली तर धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. तापवणं दोन्ही अंगांनी सारखं झालं नसेल तर पातं पाण्यात जाताच एका बाजूला वळतं. नंतर कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घासून उजळ केलेलं पातं पुन्हा तापवलं की आधी गवती पिवळा रंग येतो, सुमारे २२० ते २४० अंशांवर. निळा येतो ३०० च्या आसपास. धार पिवळ्यावर थांबवायची, पाठ निळ्यावर गेली तरी चालते. धार निळी होऊ दिली तर ती हाडावर आपटताच दुमडते. पिवळीही होऊ दिली नाही तर खापरासारखा टवका उडतो.

शिंगाची गोष्ट अधिक नाजूक. शिंग उकळत्या पाण्यात मऊ करून लाकडी पाट्यांत दाबायचं आणि दाबलेलंच गार होऊ द्यायचं; आधी काढलं तर ते मूळ वळणाकडे परत जातं. मग महिनोन्‌महिने सुकवायचं. ओलं शिंग बसवलं की ते पुढे आक्रसतं, पोलाद आणि चिपेमध्ये फट पडते, आणि खिळ्याचं भोक घट्ट असेल तर तडा नेमका तिथूनच निघतो. म्हणून जाणता कारागीर भोक खिळ्यापेक्षा केसभर मोठं ठेवतो. शिंगाचं टोक भरीव आणि बूड पोकळ असतं, त्यामुळे कानांसाठी जाड, भरीव भाग राखून ठेवावा लागतो. जुन्या मुठीचा एकच कान शिल्लक असला तर सुरी वरून पडली असेल असं लगेच धरू नये. शिंगातला ओलावा आणि शिंग खाणारी कीड यांनीही कान जातात.

या कामाचं एक मोठं ठाणं म्हणजे गाब्रोवो. बाल्कन पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, यांत्रा नदीकाठी, शिप्का खिंडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. राचो नावाच्या लोहाराने ते वसवलं अशी दंतकथा आहे आणि नदीतल्या खडकावर त्याचा पुतळा उभा आहे. शेतीला जमीन थोडी आणि वाहतं पाणी भरपूर, त्यामुळे भाते, घण, सहाणा पाण्यावर चालायच्या. १८७० च्या दशकात तिथून गेलेला प्रवासी फेलिक्स कानित्स याला अख्खं गाव एका मोठ्या कारखान्यासारखं वाटलं. घडीच्या सुऱ्याही तिथे पुष्कळ होत. त्यांना ‘कोस्तुरा’ म्हणत. १९६४ साली शेजारच्या एतर इथे खुलं संग्रहालय सुरू झालं. तिथे पाण्यावर चालणारी ही जुनी यंत्रणा आजही पाहायला मिळते.

धंद्याची चौकट उस्मानी होती. कारागिरांच्या संघाला ‘एस्नाफ’ म्हणत आणि त्यात पायऱ्या तीन: चिराक म्हणजे शिकाऊ, काल्फा म्हणजे हाताखालचा कारागीर, आणि माइस्तोर म्हणजे उस्ताद. माल साम्राज्यभर जायचा. ख्रिस्ती लोहार मुसलमान शिपायासाठी पातं घडवी आणि मुसलमान लोहार ख्रिस्ती दलालासाठी. मेंढपाळांचा संबंधही याच बाजाराशी होता. इस्तंबूलला लागणाऱ्या मेंढ्या बाल्कनमधून हाकत नेणाऱ्या ठेकेदारांना ‘जेलेप’ म्हणत, आणि कोप्रिव्श्तित्सासारखी गावं या धंद्यावर श्रीमंत झाली. कोतेल गावाचे कळप हिवाळ्यात दोब्रुजाच्या मैदानात उतरत, रोडोपी डोंगरातले एजियन किनाऱ्याकडे. एवढ्या मुलखातून जाणाऱ्या माणसाला लांडगा आणि दरोडेखोर दोघांचाही सामना करावा लागे. मुसलमानेतर प्रजेने शस्त्र बाळगू नये असा उस्मानी दंडक होता, पण खिंडी राखणाऱ्या ‘देर्बेन्द’ गावांना सवलती होत्या. मेंढपाळाची सुरी मात्र शस्त्र की अवजार, हे ठरवणंच अवघड. काराकुलाकचा आकार या संदिग्धतेत चपखल बसतो: अवजार म्हणून निर्दोष आणि अंधारात पुरेशी लांब.

आता पहिला मुद्दा, शब्दाचा. नाव तुर्की म्हणून वस्तू तुर्की, हा युक्तिवाद मराठी माणसाने तरी सहज मान्य करू नये. आपण रोज ज्याला चाकू म्हणतो तो शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो तुर्की कुळातून. बल्गेरियन घडीच्या सुरीचं ‘चेकिया’ हे नाव त्याच घराण्यातलं. म्हणून कोल्हापुरात घडलेला चाकू कुणी तुर्की ठरवत नाही. याहून बोलकं उदाहरण तलवारीचं आहे. बल्गेरियन लोकगीतांतल्या वीरांच्या कमरेला ‘साब्या फ्रेंगिया’ असते, म्हणजे फ्रँक लोकांची, युरोपियन तलवार. आपली ‘फिरंग’ हा तोच शब्द: मूठ देशी, पातं पोर्तुगीज किंवा जर्मन, आणि ती ज्याच्या हाती तो मराठा स्वार. फिरंग कुणाची, याचं एका शब्दात उत्तर द्यायचा हट्ट धरला तर उत्तर चुकणारच.

दुसरा मुद्दा आकाराचा. यातागानाच्या जुन्या, तारीख असलेल्या नमुन्यांत सुलेमान बादशहासाठी अहमद तेकेलूने हिजरी ९३३, म्हणजे १५२६-२७ साली केलेला नमुना येतो. तो इस्तंबूलच्या तोपकापी महालात आहे. त्याच्या हस्तिदंती मुठीला नंतरच्या यातागानासारखे मोठे कान नाहीत. कान वेगळ्याच वाटेने फिरलेले दिसतात. स्पेनमधल्या ग्रानाडाच्या नासरी या मुसलमानी दरबारातले कानवाले खंजीर १५ व्या शतकातले आहेत. व्हेनिसमध्ये अशाच खंजिराला ‘आल्ला स्त्रादियोत्ता’ म्हणत, आणि स्त्रादियोत्ती म्हणजे तिथे चाकरीला असलेले बाल्कनमधले भाडोत्री स्वार. त्याच्याही आधी, इराणच्या लुरिस्तान भागातल्या ब्राँझच्या खंजिरांना कान आहेत, तेही इसवीसनापूर्वीचे. मुठीचं टोक फाकवलं की ओला हात मागे घसरत नाही. ही सोय अनेकांना स्वतंत्रपणे सुचू शकते.

थ्रेशियन दाव्याचं तसं नाही. रोडोपी परिसरात रोम्फाया नावाची लांब, वक्र पाती सापडतात, ती इसवीसनापूर्वी शेवटच्या काही शतकांतली. प्राचीन ग्रीक जगात पुढे झुकलेली माखैरा होती. यातागानाच्या पात्याशी दोन्हींचं साम्य दिसतं, हे खरं. पण मधल्या हजार-दीड हजार वर्षांची साखळी दाखवावी लागेल, आणि तीच दाखवली जात नाही. नेपाळी खुकरीला सिकंदराच्या सैन्याशी जोडणारी कथा याच घाटाची आहे. शिवाय काराकुलाकचं पातं बहुधा सरळच असतं, म्हणजे ज्या वळणावर हा दावा उभा आहे ते वळणच इथे फारसं नाही.

मग एवढा आवेश कशासाठी? उत्तर सुरीत नाही, १८७६ मध्ये आहे. त्या वर्षी उस्मानी सत्तेविरुद्ध झालेल्या बल्गेरियन एप्रिल उठावानंतर बाशीबाझूक टोळ्यांनी, म्हणजे उस्मानींच्या बेशिस्त हंगामी सैनिकांनी, बाताकसारख्या गावांत कत्तली केल्या, आणि बल्गेरियन स्मृतीत ‘यातागान’ हा शब्द त्या कत्तलींना कायमचा चिकटला. ज्या आजोबांच्या कमरेला काराकुलाक होती त्यांच्या नातवाला तीच यातागानाची धाकटी बहीण आहे हे ऐकवत नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. १९३४ साली बल्गेरियात तुर्की गावनावं घाऊक बदलली गेली. १९८४-८५ च्या हिवाळ्यात बल्गेरियातल्याच तुर्की वंशाच्या नागरिकांना नावं बदलायला लावली, आणि १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक माणसं सीमा ओलांडून गेली. या सगळ्यातून ‘काराकुलाक’ हे तुर्की नाव मात्र तसंच तरलं, कारण त्या सुरीला दुसरं नाव कुणी वापरतच नव्हतं.

सुरी समोर असेल तर तिलाच विचारावं. पात्यावर अरबी लिपी असेल तर तीत बहुधा दोन नावं असतात: ‘अमेल’ या शब्दापुढे घडवणाऱ्याचं, ‘साहिब’ किंवा ‘मालिक’ यापुढे धन्याचं. कारागीर आणि धनी एकाच धर्माचे असतील असं गृहीत धरू नये. हिजरी साल ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी साल निघतं. १२२३ म्हणजे १८०८. सिरिलिक अक्षरं असली तर साल सहसा इसवीच. पण कोरीवकाम पात्याच्या वयाचं आहे का, हे भिंगातून पाहावं. जुन्या अक्षरांच्या खोबणीत गंजाचा तोच काळपट थर असतो जो आजूबाजूला आहे. नव्याने कोरलेल्याच्या कडा उजळ किंवा धारदार राहतात. मोडका यातागान आखूड करून त्याची काराकुलाक केलेलीही बाजारात येते. तिची नक्षी टोकाआधी अचानक तुटते, पाठीची जाडी सावकाश उतरण्याऐवजी शेवटच्या दोन-तीन बोटांत घाईने उतरते, आणि म्यान पात्यापेक्षा भलतंच लांब निघतं.

आणि घासूनपुसून लख्ख करायचा मोह टाळावा. चामडी म्यानातल्या आम्लाने पितळेवर हिरवी साय धरते. ती मऊ लाकडी काडीने काढावी, लिंबू-चिंचेने नव्हे, कारण आंबट पाणी चिपेखाली शिरलं की आतली पट्टी गंजते आणि फुगून शिंग फोडते. सुरी म्यानात ठेवून वर्षानुवर्षं कपाटात बंद करू नये. खिळे काढून चिपा उचकटणं तर नकोच. त्यांच्याखाली घडवणाऱ्याची खूण कधीकधी असते हे खरं, पण पुन्हा बसवलेली मूठ पुढच्या प्रत्येक पारख्याला संशयास्पद वाटते, आणि मग ती कुठली या वादात तिची साक्ष कुणी धरत नाही.