सर्टिफिकेटवरचा आर-ए आणि आलेखातला एप्सिलॉन

पाइपमधल्या प्रेशर ड्रॉपचं, म्हणजे वाहताना दाब किती उतरतो त्याचं, गणित मांडताना व्यास, लांबी, प्रवाह सगळं हाताशी असतं. गाडी अडते ती रफनेसपाशी, म्हणजे पाइपच्या आतल्या खडबडीतपणापाशी. मागे आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाने शोधाशोध करून आकडा आणला: 6.3 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कुठून, तर पाइपबरोबर आलेल्या टेस्ट सर्टिफिकेटवरून. "सर, तक्त्यात स्टीलला 45 मायक्रॉन दिलेत. पण हा तर आपल्याच पाइपवर मोजलाय. मग हाच खरा नाही का?"

प्रश्न चोख होता. आकडाही खरा होता. फक्त तो दुसऱ्याच गोष्टीचा होता.

सर्टिफिकेटवर असतो तो आर-ए. हिऱ्याच्या टोकाची सुई धातूवरून काही मिलिमीटर सरकवतात आणि ती मध्यरेषेपासून सरासरी किती वरखाली झाली ते काढतात. माप मशिन शॉपचं, आणि तिथे उत्तम. पण सरासरी काढली की आकार हरवतो. दाटीवाटीने उभी अणकुचीदार टोकं असोत किंवा लांबलांब पसरलेल्या मंद लाटा, आर-ए एकच येऊ शकतो. पाण्याला मात्र त्या दोन पृष्ठभागांतला फरक बरोबर कळतो.

पाइपमधलं घर्षण काढायच्या मूडीच्या आलेखात लागणारा रफनेस, म्हणजे एप्सिलॉन, सुईने मोजलेलाच नसतो. जर्मनीत गटिंगेनला प्रवाहशास्त्रज्ञ प्रांट्लच्या हाताखाली काम करणाऱ्या योहान निकुराड्झेने चाळून एकसारखे केलेले वाळूचे कण पाइपांच्या आतून चिकटवले, त्यांतून पाणी सोडलं आणि दाब किती उतरतो ते मोजलं. 1933 साली ते काम प्रसिद्ध झालं. त्याच्यापुरता रफनेस म्हणजे सरळ वाळूच्या कणाचा आकार. बाजारातल्या पाइपात वाळू कुठली? म्हणून तिथे उलट्या दिशेने जातात: या पाइपात जेवढा दाब उतरला, तेवढाच उतरवायला वाळूचा कण केवढा लागला असता? जे उत्तर येतं तो एप्सिलॉन. कोलब्रुकचं घर्षणाचं 1939 चं समीकरण आणि मूडीचा 1944 चा आलेख याच कल्पनेवर उभे आहेत. स्टीलपुढे 0.045 मि.मी. लिहिलेलं असतं ते एवढ्याच अर्थाने. पाइपात कुणी 45 मायक्रॉनचे उंचवटे मोजलेले नाहीत.

(काही तक्त्यांत 0.045 असतं, काहींत 0.046. त्यावरून वाद घालू नका. मूळ आकडा फुटात, 0.00015. त्याचे मि.मी. केले की 0.0457 येतात, पुढे ज्याने जसं कापलं तसं.)

मग आर-ए अगदीच निरुपयोगी का? नाही. पृष्ठभागावर एकसारखे गोल कण दाटीने बसलेत असं धरून भूमिती केली, तर एप्सिलॉन आर-एच्या सुमारे 6 पट निघतो. 6.3 चे होतात 37-38 मायक्रॉन, म्हणजे तक्त्याच्या शेजारीच. अंदाजाला ठीक, पण रफनेसचा नमुना बदलला की ही पटही बदलते.

त्या मुलाला म्हटलं, दोन्ही टाकून बघ. 150 मि.मी. आतला व्यास, 1 किलोमीटर लांबी, पाण्याचा वेग सेकंदाला 2 मीटर. रुरकीच्या स्वामी-जैन यांच्या घर्षणाच्या सूत्राने 0.045 ला 23.2 मीटर हेड लॉस (म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेली दाबाची घट) आला, 0.0063 ला 20.2. इनपुट 7 पट चुकलं तरी उत्तर 13 टक्क्यांनीच हललं, कारण रफनेस सूत्रात लॉगच्या आत बसतो. पण 3 मीटर हेड कमी धरून घेतलेला पंप साइटवर हवा तेवढा प्रवाह देत नाही, आणि मग सगळे व्हॉल्व्हकडे बोट दाखवतात.

डेअरीतल्या चकचकीत स्टेनलेस पाइपात तर दोन आकड्यांचं भांडण जवळपास मिटतंच. 50 मि.मी. पाइप, 0.8 मायक्रॉन आर-ए, पाणी सेकंदाला दीड मीटर: आर-ए तसाच टाका नाहीतर 6 पट करून टाका, फरक 2 टक्के. तिथे रफनेसपेक्षा बेंड आणि व्हॉल्व्ह मोजण्यात वेळ घाला.

आपल्याकडच्या नळपाणी योजनांच्या अंदाजपत्रकांत भेटतो तो हेझन-विल्यम्स या दाबघटीच्या वेगळ्या सूत्रातला सी हा गुणांक आर-ए आणि एप्सिलॉन या दोघांच्याही नात्यातला नाही. त्याला मि.मी. नाहीत, आणि तो जितका मोठा तितका पाइप गुळगुळीत. एप्सिलॉनच्या चौकटीत सीचे 140 टाकलेले मी पाहिलेत.

आकडा शोधताना मी आधी बघतो तो पाइपचा माल आणि अस्तर: ड्रॉन ट्यूब (ओढून काढलेली गुळगुळीत नळी) 0.0015, जी.आय. (जस्ताचा थर दिलेला पाइप) 0.15, बिडाचा पाइप 0.26 मि.मी. पण हे सगळे नव्या पाइपचे. गंज चढलेल्या स्टीलला 1 मि.मी. धरला तर वरच्याच लाइनचा लॉस 46 मीटरच्या आसपास जातो, जवळजवळ दुप्पट. शिवाय गंजाने व्यास 150 चा 140 झाला, तर तेवढ्याच प्रवाहाला नुसत्या आक्रसण्यापायी लॉस आणखी 40 टक्के वाढतो. सर्टिफिकेटवर यातलं काहीच नसतं. ते पाइप फॅक्टरीतून निघाला त्या दिवसाचं असतं.

मुलाने शेवटी शीटमध्ये दोन रकाने केले, 'नवा' आणि '15 वर्षांनंतर'. पंप दुसऱ्यावरून निवडला.