मिसिंग प्लगचं की कॉइलचं?

सिग्नलला उभी गाडी थरथरायला लागली, घाट चढताना झटके खायला लागली की गॅरेजवाला बॉनेट न उघडताच सांगतो, "मिसिंग करतेय," म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये. आणि मिसिंग म्हटलं की घरी पाना हाती घेणारा नवशिका आधी प्लग आणायला पळतो. मीही पळालो. चार नवे प्लग बसवले, हात काळे केले, गाडी होती तशीच. दोष प्लगच्या डोक्यावर बसलेल्या कॉइलचा होता.

हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतःची इग्निशन कॉइल असते. बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करायचे ते कॉइलने. प्लगने फक्त ते आपल्या टोकाशी असलेल्या जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीत ठिणगी म्हणून उडवायचे. दोघांपैकी कोणीही हात वर केले तरी त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता तसंच बाहेर जातं, आणि सीटवर बसलेल्याला दोन्ही वेळा थरथर सारखीच लागते.

जाण्याची तऱ्हा मात्र निराळी. प्लग झिजतो. साधा निकेलचा तीस-चाळीस हजार किलोमीटर, इरिडियमचा लाखाच्या आसपास चालतो. सगळे एकदमच बसवलेले असल्यामुळे झिजतातही साधारण बरोबरीने. ॲव्हरेज उतरतं, सकाळी सेल जास्त मारावा लागतो, सगळं हळूहळू. कॉइल काल ठणठणीत असते, आज गेलेली असते, आणि बहुधा एकटीच. इंजिन तापलं की त्रास आणि गार झालं की गायब, असं होत असेल तर माझा पहिला संशय कॉइलवर.

संशयावर पैसे घालवू नका, अदलाबदल करून बघा. ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) पी ०३०३ दाखवतो, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. का, ते तो सांगत नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, चावी काढा. कनेक्टरची खटकी दाबून तो सोडवा, कॉइलचा बोल्ट काढा (बहुतेक वेळा १० नंबरचा पाना लागतो), कॉइल जराशी फिरवून सरळ वर ओढा. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसून एक चक्कर मारा. आता पी ०३०१ आला तर कॉइल गेली. ०३०३ वरच अडला असेल तर तसेच प्लग अदलून बघा. तरीही कोड हलला नाही, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनचं प्रकरण. ते मेकॅनिककडेच न्या. आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून उघडझाप करत असेल, तर चक्कर वगैरे राहू द्या. न जळलेल्या पेट्रोलमुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून जातो, आणि त्याच्या किमतीत डझनभर कॉइल येतात.

प्लग बाहेर आलाच आहे तर त्याची पांढरी चिनीमाती उजेडात धरा. लोखंडी भागाला लागून तपकिरी कडं दिसलं की नवशिका म्हणतो, गॅस गळतोय. नाही. जोरदार व्होल्टेजमुळे तेलाचे कण तिथे चिकटतात, त्याचा तो डाग; निरुपद्रवी. पण चिनीमातीवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल, तर ठिणगी फटीत न उडता बाहेरूनच पळत होती. कॉइलच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी नळीत आतून तसाच चट्टा सापडेल. अशा वेळी प्लग आणि नळी दोन्ही बदला. एकच बदलली तर जुनीवरची रेघ नवीवर उमटते.

दुकानात कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी की, झिजलेला प्लगच पुष्कळदा कॉइलचा जीव घेतो. फट रुंदावली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि तो ताण कॉइलचं इन्सुलेशन सोसत राहतं. म्हणून लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीची एक कॉइल गेली, तर प्लगही सगळे बदलावेत. उरलेल्या तीन चांगल्या कॉइल मात्र "जोडीने बदला" म्हणणाऱ्याच्या नादाने मी फेकणार नाही.

बसवताना घाई नको. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, तिथले आटे गेले तर बचत राहिली बाजूला. प्लग पाना नुसता बोटांनी फिरवत, वॉशर टेकेपर्यंत प्लग आत न्या. मध्येच अडला तर बाहेर काढून पुन्हा लावा. रॅचेट नव्या प्लगला शेवटच्या अर्ध्या फेऱ्यापुरता, वापरलेल्याला त्याहून बराच कमी. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघूनच आवळा.