मांड्या भरून येतात त्या चढताना नाही, उतरताना

माझ्या भाच्याने नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका जिममध्ये नाव घातलं आणि चौथ्याच दिवशी ट्रेनरने त्याच्याकडून लेग डे करून घेतला, स्क्वॉट्स, लंजेस, लेग प्रेस, सगळं एका दमात. घरी आला तेव्हा पाय लटपटत होते पण दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या, आणि तिसऱ्या दिवशी तर हा कठडा धरून जिना उलटा उतरत होता. ट्रेनरला फोन केला तर म्हणाला, "लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, लिंबूपाणी पी आणि उद्या परत पायच मारू, निघून जाईल."

हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले.

जोरात व्यायाम चालू असताना स्नायूंमध्ये लॅक्टेट, म्हणजे ज्याला सगळे लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात ते, तयार होतं हे खरंच आहे. पण ते रक्तात उतरतं, हृदय ते इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याचं परत ग्लुकोज करतं, आणि व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात पातळी होती तिथे येते. मग तिसऱ्या दिवशी ते दुखवणार कसं? १९८३ साली याचा सरळ प्रयोग झालाय. ट्रेडमिलवर सपाट पळवलं तेव्हा लॅक्टेट वाढलं पण नंतर पाय दुखले नाहीत, आणि उतारावर पळवलं तेव्हा लॅक्टेट वाढलं नाही पण पाय चांगलेच दुखले.

अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीचा डोंगर करून आलेल्या कुणालाही विचारा. धाप लागते ती चढताना, पण दुसऱ्या दिवशी मांडीचा पुढचा भाग धरतो तो उतरल्यामुळे.

चढताना मांडीचा स्नायू आखडत वजन उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत असतो आणि लांब होता होताच जोर लावून अंग सावकाश खाली सोडत असतो, दोरीने कळशी विहिरीत सोडताना आपले हात करतात तसं. स्क्वॉटमध्ये खाली बसणं म्हणजे हेच. याला एक्सेंट्रिक काम म्हणतात आणि ते फसवं असतं कारण त्यात दम लागत नाही. १९५२ साली इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका चेनने जोडल्या, एकाने पुढे पेडल मारायचं आणि दुसऱ्याने ते अडवायचं. जोर दोघांचा सारखाच, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी पट कमी लागला, कारण त्याचे थोडेच स्नायूतंतू कामाला लागले होते. आता थोड्या तंतूंवर तेवढंच वजन आलं म्हणजे प्रत्येक तंतूवर ताण जास्त, आणि गडबड होते ती इथेच.

स्नायूचा तंतू म्हणजे सार्कोमिअर नावाच्या छोट्या कप्प्यांची साखळी. एक कप्पा साधारण अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे १० सेंटिमीटरच्या तंतूत एकापुढे एक ४०,००० कप्पे. प्रत्येकात अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे धागे एकमेकांत शिरलेले असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे, आणि ते जेवढे गुंतलेले तेवढी पकड. सगळे कप्पे सारख्या ताकदीचे नसतात. तंतू भाराखाली ताणला की सगळ्यात कमजोर कप्पा जास्त ताणला जातो, ताणला की धाग्यांची गुंतण कमी होते, गुंतण कमी म्हणून तो आणखी कमजोर, म्हणून आणखी ताणला जातो, आणि शेवटी एका झटक्यात धागे सुटतात. स्नायू सैल पडला की बरेचसे परत जागेवर बसतात पण काही बसत नाहीत, आणि असं प्रत्येक रिपला, म्हणजे दर उठबशीला, होत राहिलं की आजूबाजूच्या पातळ पडद्यांनाही इजा होते.

या पडद्यांचं काम मोठं आहे. नसेचा इशारा आला की तो यांच्यावरून तंतूच्या आत जातो, आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ते ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि मग मायोसिनला पकड मिळते. पडदे बिघडले की दर इशाऱ्याला कॅल्शियम कमी सुटतं. पूर्ण जोर लावताना इशारे इतक्या भराभर येतात की ही तूट बरीचशी भरून निघते, पण खुर्चीतून उठणं, जिना उतरणं ही रोजची कामं सावकाश इशाऱ्यांवर चालतात आणि तिथे कॅल्शियम जरा कमी पडलं तरी जोर खूप घटतो. १९७७ मध्ये जोरातली ही घट माणसांच्या स्नायूंवर मोजून दाखवली गेली. पाय आपले नसल्यासारखे वाटतात, गुडघा अचानक सोडून देतो, ते यामुळे.

म्हणजे अशक्तपणा लगेच येतो आणि दुखणं उशिरा, कारण ते नंतर दुरुस्तीसाठी येणाऱ्या सुजेमुळे असतं आणि साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त होतं. बरं, दुखणं थांबलं म्हणजे ताकद आली असंही नाही, ती यायला कधीकधी आठवडा किंवा जास्तही लागतो. त्यामुळे दुखत असतानाच दुसऱ्या दिवशी परत पाय मारायचा ट्रेनरचा सल्ला मला अजिबात पटत नाही. भाच्याच्या आजीने मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली, मित्राने लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर काढणारी महागडी पावडर आणून दिली, आणि पाचव्या दिवशी दुखायचं थांबलं. ते तसंही थांबणारच होतं, पण दृष्ट फुकट होती आणि पावडरीला पैसे गेले.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, मांड्या टणक सुजल्या, किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात आलं की किडनी अडचणीत येते, आणि अशा वेळी मनाने पेनकिलर घेणं म्हणजे तिच्यावर अजून भार.

एकदा अशी इजा भरून आली की तेच काम पुढचे काही आठवडे स्नायूला फारसं बाधत नाही, आणि त्यासाठी पहिल्या वेळी जिना उलटा उतरायची वेळ यावी लागत नाही, थोडक्या रिप्सनेही हे संरक्षण बऱ्यापैकी मिळतं. तालमीत नवीन पोराला आधी मोजक्याच बैठका घालायला लावतात आणि मग रोज थोड्या थोड्या वाढवतात, ते याच्याशी अगदी जुळतं. भाच्याला मी आठ दिवस नुसतं गोदापार्कवर चालायला लावलंय, त्यानंतर वजन न घेता दहा-दहा स्क्वॉट्सचे दोन सेट, बस.