डबाबंद मालाचा एचएस कोड : कागदपत्रे पाठवण्यापूर्वी कृपया वाचावे

परदेशातून डबाबंद खाद्यपदार्थ मागवणाऱ्या आणि सीमाशुल्काची कागदपत्रे आमच्याकडे सोपवणाऱ्या ग्राहकांकडून आम्हांला वारंवार येणारा निरोप म्हणजे ‘डब्याचा फोटो पाठवला आहे, कोड कळवा’. केवळ फोटोवरून आम्ही कोड देत नाही. त्यामुळे काहींची नाराजी होते याची आम्हांला जाणीव आहे, म्हणून त्यामागचे कारण येथे सविस्तर देत आहोत.

एचएस (हार्मोनाइज्ड सिस्टिम) ही व्यापारातील मालाला आकडी कोड देणारी आंतरराष्ट्रीय वर्गीकरण पद्धत आहे; कोडचे पहिले दोन अंक म्हणजे चॅप्टर आणि पहिले चार म्हणजे हेडिंग. या पद्धतीत ‘डबाबंद’ असा स्वतंत्र वर्ग नाही. डबा हे वेष्टन असून त्याचे वर्गीकरण आतल्या मालासोबतच होते. त्यामुळे आतला पदार्थ कोणता, त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे आणि त्यातील घटक किती आहेत, यावर कोड ठरतो. टोमॅटोचेच उदाहरण घ्या. डब्यातले अख्खे किंवा तुकडे केलेले टोमॅटो २००२.१० मध्ये येतात, प्युरी २००२.९० मध्ये, केचप २१०३.२० मध्ये आणि सूप २१०४.१० मध्ये. तेच टोमॅटो व्हिनेगरमध्ये टिकवलेले असतील, तर हेडिंग २००१ लागू होते. टोमॅटोचा रस २००९.५० मध्ये धरला जातो, परंतु त्यातील शुष्क भाग वजनाने ७ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास तो रस न राहता २००२ मध्ये जातो. समोरच्या लेबलावर मात्र सगळीकडे लालबुंद टोमॅटोचेच चित्र असते.

सर्वांत जास्त वेळ ज्या चुकीमुळे जातो, ती मांस किंवा मासे असलेल्या मिश्र पदार्थांच्या बाबतीत होते. चॅप्टर १६ च्या टिपेनुसार, ज्या पदार्थात सॉसेज, मांस, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जलचर इत्यादींचे एकत्रित वजन २० टक्क्यांपेक्षा अधिक असते, तो त्या चॅप्टरमध्ये येतो. मांस १२ टक्के आणि कोळंबी ९ टक्के असेल, तर बेरीज २१ होते. पदार्थ चॅप्टर १६ मध्ये जातो आणि वजनाने अधिक असलेल्या मांसावरून त्याचे हेडिंग ठरते. सारण भरलेला पास्ता, सॉस आणि सूप यांना मात्र ही टीप लागू नाही.

हे टक्के काढण्यासाठी ग्राहक आम्हांला उत्पादकाची पाककृती पाठवतात आणि घोटाळा नेमका तेथेच होतो, कारण पाककृतीत कच्च्या मालाचे वजन असते. वर्गीकरणासाठी धरायचे वजन असते तयार पदार्थातले, म्हणजे माल सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे येतो त्या स्थितीतले. सॉसमधल्या राजम्याचा ४२० ग्रॅमचा डबा घ्या. पाककृतीत ९२ ग्रॅम कच्चे मांस लिहिलेले असेल, तर ते सुमारे २२ टक्के भरते. शिजताना मांसातले पाणी सॉसमध्ये उतरते. डबा उघडून तुकडे वेगळे करून तोलले आणि ते ७९ ग्रॅम भरले, तर प्रमाण १९ टक्क्यांच्याही आत येते. पहिल्या आकड्याने माल चॅप्टर १६ मध्ये आणि दुसऱ्या आकड्याने चॅप्टर २० मध्ये जातो. शुल्काचा दर बदलू शकतो आणि मांसजन्य मालासाठी लागणारी प्रमाणपत्रेही बदलू शकतात. हा फरक कंटेनर बंदरात उतरल्यावर लक्षात आला, तर सीमाशुल्काकडे दिलेल्या आयात घोषणापत्रात दुरुस्ती, नमुन्याची तपासणी आणि दरम्यानचे डेमरेज (माल बंदरात अडकून राहिल्याचा आकार) असा सगळा भार आयातदारावरच पडतो. म्हणून तयार मालाचे घटकपत्रक हाती येईपर्यंत आम्ही फाइल पुढे नेत नाही. यात तीन-चार दिवस जातात हे मान्य आहे, पण माल बंदरात अडकून पडण्यापेक्षा ते नक्कीच परवडतात.

‘पुरवठादाराने इनव्हॉइसवर कोड दिलाच आहे’, असेही सांगितले जाते. तो आम्ही अवश्य पाहतो, परंतु जसाच्या तसा उतरवत नाही. पहिले सहा अंक एचएस वापरणाऱ्या सर्व देशांत समान असले, तरी पुढचे अंक प्रत्येक देश आपापले ठरवतो. शिवाय काही पुरवठादार एचएसच्या २०२२ च्या आवृत्तीपूर्वीचेच कोड अजूनही छापतात. घोषणापत्रावर नाव आयातदाराचे असते आणि उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

एखादा पदार्थ नियमितपणे मागवायचा असेल आणि त्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास घोटाळत असेल, तर सीमाशुल्क विभागाकडून आगाऊ निर्णय, म्हणजे माल येण्यापूर्वीच त्याच्या वर्गीकरणाचा लेखी निर्णय, मागवणे उत्तम. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ मध्ये अमलात आला असून त्यात ही तरतूद आहे. असे अर्ज आम्ही तयार करून देतो आणि मूळ घटकपत्रक व्यवस्थित असेल, तर त्याला फारसा वेळ लागत नाही.

तेव्हा ऑर्डर पक्की करण्यापूर्वीच लेबलाची मागची बाजू, तयार मालातील घटकांचे वजनानुसार टक्के, प्रक्रियेचे थोडक्यात वर्णन आणि शक्य असल्यास एक न उघडलेला डबा आमच्याकडे पाठवावा. या टप्प्यावरच्या प्राथमिक पाहणीसाठी आम्ही वेगळे शुल्क आकारत नाही.