लोहारांचा क्लब: गोन्योंची पार्श्वभूमी

फ्रान्सच्या फुटबॉलमधल्या लीग कपच्या विजेत्यांची यादी वाचत गेलं की पॅरिस, मेत्झ, स्ट्रासबुर्ग, लियों, बोर्दो, मार्सेय अशी ओळखीची नावं येतात. २००० या सालासमोर मात्र ‘गोन्यों’ असं लिहिलेलं आहे. तेव्हा या गावाची वस्ती आठ हजारांच्या आसपास. दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना हा कप जिंकणारा हा एकमेव क्लब. आज तो खालच्या, हौशी श्रेणींमध्ये खेळतो. एवढंसं गाव तिथवर पोचलं कसं आणि तिथून घसरलं कसं, हे समजून घ्यायचं तर फुटबॉलच्या आधी पोलादाकडे वळावं लागतं.

गोन्यों बर्गंडीत, सोन-ए-ल्वार जिल्ह्यात, आरू नदीच्या काठी आहे. आजूबाजूला कुरणं आणि त्यांत चरणारी पांढरी शारोले गुरं. अशा शेतकरी मुलखात १७२४ साली लोखंडाच्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि गाव त्यांच्याभोवती वाढलं. विसाव्या शतकात इथे स्टेनलेस स्टीलचे पत्रे बनू लागले. पोलादाची जाड गुंडाळी येते, ती थंड अवस्थेतच रोलरांमधून पुन्हा पुन्हा दाबून पातळ केली जाते, मग तापवून तिला चकाकी आणली जाते. गावातल्या घरटी कुणी ना कुणी त्या कारखान्यात असायचं. १९४० मध्ये स्थापन झालेल्या ‘एफ. सी. गोन्यों’च्या खेळाडूंना लोक ‘फोर्जरों’, म्हणजे लोहार, म्हणू लागले. हे नाव नुसतं शोभेचं नव्हतं. हौशी काळात खेळाडू दिवसा कारखान्यात कामाला असत आणि संध्याकाळी सरावाला येत. चूल पगारावर पेटायची, फुटबॉलवर नाही.

१९७० मध्ये फ्रान्सने दुसरी श्रेणी हौशी क्लबांनाही खुली केली आणि गोन्योंला मोठ्या शहरांच्या संघांसमोर उभं राहण्याची संधी मिळाली. नऊ वर्षांनी, १९७९ मध्ये, हा कामगारांचा संघ दुसऱ्या श्रेणीचा विजेता झाला. पहिल्या श्रेणीचं दार उघडं होतं, पण आत जायचं तर व्यावसायिक दर्जा घ्यावा लागत होता. क्लबने तो घेतला नाही. संघ विजेता ठरूनही होता तिथेच राहिला.

या क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण मला हाच वाटतो, २००० सालच्या कपापेक्षाही मोठा. याला भित्रेपणा म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. खेळाडूंच्या नोकऱ्या, कारखान्याचा आधार, गावाची ऐपत यांचा हिशेब मांडणाऱ्या माणसांचा तो निर्णय होता. पण त्याची किंमत केवढी होती, ते शेजारच्या ओसेरकडे पाहिलं की कळतं. ओसेरही बर्गंडीतलंच, पण बरंच मोठं शहर. १९८० मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता ओसेर झाला आणि वर गेला. प्रशिक्षक गी रू यांच्या हाताखाली तो तिथे टिकला, आणि १९९६ मध्ये फ्रेंच लीग आणि फ्रेंच कप (हा लीग कपहून वेगळा) दोन्ही जिंकून मोकळा झाला.

गोन्योंने पुढे व्यावसायिक दर्जा घेतला आणि १९९५ मध्ये एकदाची पहिली श्रेणी गाठली. स्ताद जाँ लाविल हे मैदान गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं सामावून घेणारं. पण मुक्काम एकाच हंगामाचा ठरला. १९९६ मध्ये सेंत एत्येन आणि मार्तिग यांच्यासोबत गोन्यों खाली आला, आणि त्याच हंगामात ओसेर फ्रान्सचा विजेता झाला. काळही वाईट होता. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोस्मन निकाल आला. करार संपलेला खेळाडू फुकट दुसरीकडे जाऊ शकणार होता, युरोपीय खेळाडूंवरच्या मर्यादा उठल्या होत्या, आणि टीव्हीचा पैसा वरच्या क्लबांकडे ओढला जात होता. आठ हजारांच्या गावाला या शर्यतीत धावायला जागा उरत नव्हती.

म्हणूनच २२ एप्रिल २००० ची रात्र इतकी विलक्षण वाटते. सुमारे ८० हजार क्षमतेच्या स्ताद द फ्रान्सवर अंतिम सामना, म्हणजे गोन्योंसारखी दहा गावं मावतील एवढं मैदान. समोर पॅरिस सेंत जर्मेन, त्या हंगामात लीगमध्ये दुसरा आलेला संघ. गोन्योंचे प्रशिक्षक होते अलेक्स द्युपाँ, आणि संघात होता पुढे सेनेगलचा प्रशिक्षक झालेला अमारा त्राओरे. उत्तरार्धात मार्सेलो त्रापासोने गोल केला. शेवटी शेवटी सिल्व्हँ फ्लोतोने दुसरा केला. २-०. पंधराच दिवसांनी त्याच मैदानावर चौथ्या श्रेणीतला कॅले फ्रेंच कपच्या अंतिम फेरीत नांतकडून १-२ असा हरला. लोकांच्या आठवणीत कॅले जास्त राहिला, पण कप घरी नेला तो गोन्योंने.

कपामुळे दुसऱ्या श्रेणीतल्या या संघाला यूएफा कपचं, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचं, तिकीट मिळालं. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या इराक्लिसने दोन सामन्यांत मिळून १-० ने हरवलं.

त्यानंतरची उतरण सावकाश झाली. २००८ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीतून खाली गेला. कारखान्याची मालकीही गावापासून दूर दूर सरकत होती. युसिनॉर, मग २००२ मध्ये आर्सेलॉर, आणि २००६ पासून लक्ष्मी मित्तल यांचा आर्सेलॉर-मित्तल समूह. एका माजी फ्रेंच आंतरराष्ट्रीय खेळाडूने क्लबची सूत्रं हाती घेतली, तरी देणी फिटली नाहीत. जानेवारी २०११ मध्ये स्टेनलेस स्टीलचा धंदा वेगळा काढून आपेराम ही कंपनी झाली आणि गोन्योंचा कारखाना तिच्याकडे गेला. त्याच वर्षी वसंतात क्लबचं दिवाळं निघालं. या जुन्या कामगार क्लबाला प्रादेशिक श्रेणीतून पुन्हा सुरुवात करावी लागली. पिवळा-निळा रंग तेवढा तसाच राहिला. पुढे संघ पाचव्या पातळीच्या ‘नॅशनल ३’पर्यंत चढला.

लीग कपही आता उरलेला नाही. त्याचा शेवटचा अंतिम सामना ३१ जुलै २०२० रोजी स्ताद द फ्रान्सवरच झाला. पॅरिस आणि लियों यांच्यात गोल झाला नाही आणि पॅरिसने पेनल्टींवर कप जिंकला. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, गोन्योंचे २००० सालचे प्रशिक्षक अलेक्स द्युपाँ वारले.