क्रॉसरोड्स गिटार फेस्टिव्हल 2007 (डीव्हीडी)

क्रॉसरोड्स गिटार फेस्टिव्हल 2007 ही दोन डिस्कची कॉन्सर्ट डीव्हीडी आहे. इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन दर काही वर्षांनी गिटारवाल्यांचा जो मेळा भरवतो त्याचं हे रेकॉर्डिंग, म्हणजे शनिवार 28 जुलै 2007 ला शिकागोजवळच्या ब्रिजव्ह्यूमध्ये, तेव्हा टोयोटा पार्क नाव असलेल्या फुटबॉल स्टेडियममध्ये दिवसभर जे वाजलं त्यातलं निवडक, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते बाजारात आलं. ब्लूज, रॉक, कंट्री, जॅझ सगळं आहे यात, पण कणा ब्लूजचाच, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा.

हे सगळं कशासाठी होतं ते आधी सांगायला हवं. क्लॅप्टन स्वतः हेरॉइन आणि दारू दोन्हींतून गेलेला माणूस, 1987 ला दारू सोडली ती सोडलीच, आणि 1998 मध्ये कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर त्याने क्रॉसरोड्स सेंटर हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. त्यासाठी पैसा उभा करायला आधी स्वतःच्या गिटारी विकायला काढल्या. 1999 ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात 'ब्राउनी' ही 1956 ची स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार) 4,97,500 डॉलरला गेली, 2004 ला 'ब्लॅकी' 9,59,500 डॉलरला. जिच्यावर वर्षानुवर्षं हात बसलाय ती गिटार दुसऱ्याच्या हातात देणं काय असतं ते कुठल्याही वाजवणाऱ्याला विचारा. फेस्टिव्हलही याच केंद्रासाठी, पहिला 2004 ला डॅलसमध्ये झाला (तिथे आपले पं. विश्वमोहन भट्ट मोहनवीणा घेऊन गेले होते), 2007 चा दुसरा, आणि पुढे 2010, 2013, 2019 आणि 2023 ला झाले. क्रॉसरोड्स म्हणजे चौरस्ता, जुना ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने 1936 मध्ये रेकॉर्ड केलेला चौरस्त्यावरचा ब्लूज क्लॅप्टनने 1968 मध्ये क्रीम बँडबरोबर गाजवला, नावाचं मूळ तिथलं.

सूत्रसंचालनाला अभिनेता बिल मरे आहे. कलाकारांची यादी मोठी आहे, सॉनी लँड्रेथ, जॉन मॅकलॉफलिन (हाच तो तबलावाल्या झाकिरभाईंबरोबर 'शक्ती' हा बँड उभा करणारा), व्हिन्स गिल, अल्बर्ट ली, विली नेल्सन, शेरिल क्रो, जॉन मेयर, लॉस लोबोस... पण नुसत्या नावांसाठी ही डीव्हीडी बघायची नाही. यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे मोठे वाजवणारे दुसऱ्याचं कसं ऐकतात ती. आपल्या मैफलीत समोरच्याची जागा आली की दुसरा हात आखडता घेतो ना, अगदी तेच इथे कॅमेऱ्याने पकडलंय.

सगळ्यात आधी जेफ बेक बघा. 'कॉज वुई हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स' ही स्टीव्ही वंडरची रचना बेकने 1975 पासून आपली करून टाकलेली, गाणारं कोणीच नाही, नुसती गिटार. तो पिक वापरत नाही, अंगठ्याने आणि बोटांनी तार छेडतो, करंगळी व्हॉल्यूमच्या बटणावर असते त्यामुळे स्वर आघाताशिवाय हळूच उमलत येतो, आणि मग व्हॅमी बारने, म्हणजे तारांचा ताण बदलणाऱ्या दांडीने, तो स्वर असा वाकवतो की आपल्याला सरळ मींड आठवते. आणि एवढ्या माणसाने याच गाण्यात पहिला सोलो दिलाय कोणाला, तर ताल विल्केनफेल्ड या ऑस्ट्रेलियातून आलेल्या पोरीला, वय तेव्हा अवघं 20, हातात बास गिटार. ती घाई करत नाही, एकेक वाक्य पूर्ण करून पुढे जाते, बेक बाजूला उभा राहून हसत ऐकतो आणि स्टेडियम दाद देतं. मी हा भाग किती वेळा बघितलाय त्याचा हिशोब नाही.

दुसरी जागा जॉनी विंटरची. टेक्ससचा हा जुना गिटारवाला तोपर्यंत तब्येतीने खचलेला होता, खुर्चीत बसून 'हायवे 61 रिव्हिजिटेड' वाजवतो, आणि साथीला डेरेक ट्रक्सचा बँड. दोघंही स्लाइडवाले, म्हणजे बोटात नळी घालून तारेवरून सरकवत वाजवणारे. डेरेक सरोदवाल्या अली अकबर खाँसाहेबांच्या कॅलिफोर्नियातल्या कॉलेजात शिकलेला आहे, त्याच्या स्लाइडमध्ये स्वरांच्या मधल्या जागा ज्या ऐकू येतात त्या मला तरी तिथूनच आल्यासारख्या वाटतात.

बी. बी. किंग तेव्हा 81 वर्षांचे, खुर्चीत बसलेले, गाताना वाजवत नाहीत आणि वाजवताना गात नाहीत, एक ओळ गळ्याची, तिला उत्तर 'ल्युसिल'चं, म्हणजे त्यांच्या गिटारचं. चार स्वर वाजवतात पण ते चार त्यांचेच. क्लॅप्टन आणि स्टीव्ह विनवुड हे ब्लाइंड फेथ बँडचे जुने जोडीदार इथे परत एकत्र आले, एरवी ऑर्गनवर बसणारा विनवुड 'डिअर मिस्टर फँटसी'ला गिटार गळ्यात घालतो, आणि ही जोडी इतकी जमली की फेब्रुवारी 2008 मध्ये दोघांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तीन कार्यक्रम केले.

या स्टेजवरचे ब्लूज गिटारवाले ह्युबर्ट समलिन 2011 ला गेले, विंटर 2014 ला, बी. बी. किंग 2015 ला आणि बेक जानेवारी 2023 मध्ये.

शेवट 'स्वीट होम शिकागो'ने होतो, पुढे ब्लूज गिटारवाला बडी गाय, जन्म लुइझियानाचा पण 1957 पासून शिकागोचाच झालेला, आणि मागे क्लॅप्टनसकट सगळी मंडळी. हाच बडी गाय 2011 ला बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला येऊन वाजवून गेला, डेरेक ट्रक्स आणि त्याची गायिका बायको सुझन टेडेस्की 2014 ला आले. ज्यांनी बडी गायला तिथे समोरून ऐकलंय त्यांनी दुसरी डिस्क आधी लावली तरी चालेल.