एंडोमेट्रिओसिसची अपरिचित लक्षणे

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजून वाढते, त्या विकाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बीजकोश, ओटीपोटाचे अस्तर आणि गर्भाशय व गुदाशय यांच्यामधली खोलगट जागा ही तिची नेहमीची ठिकाणे होत. बीजकोशात जुने रक्त साचून झालेल्या गाठीला तिच्यातील द्रवाच्या तपकिरी रंगामुळे ‘चॉकलेट सिस्ट’ असे नाव पडले असून, अनेक घरांत या आजाराची पहिली ओळख सोनोग्राफीच्या अहवालातील याच शब्दाने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळपास १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा विकार आहे. पाळीतील असह्य कळा, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे आणि गर्भधारणेतील अडचण ही त्याची सर्वपरिचित लक्षणे होत. त्यांखेरीज काही लक्षणे पाळीशी नाते न सांगता येतात आणि त्यांमुळे रुग्ण भलत्याच विभागात तपासत राहते.

जॉन सॅम्प्सन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९२७ मध्ये असे मांडले की, पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. ही उपपत्ती आजही आधाराला घेतली जाते. परंतु असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत होत असल्याने तो मोजक्यांनाच का बाधतो, याचे उत्तर तिच्यात नाही. एवढे निश्चित की ही ऊती इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसते, अरोमाटेज या विकराच्या साहाय्याने स्वतःही इस्ट्रोजेन तयार करते आणि तिची वाढ आवरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाला पुरेशी दाद देत नाही. त्यामुळे रक्तातील संप्रेरकांची पातळी बहुधा सामान्यच निघते. ‘हार्मोन बिघडले आहेत’ हे सरधोपट निदान येथे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते, कारण बिघाड रक्तापेक्षा त्या ऊतीत अधिक असतो.

पोटाच्या तक्रारी सर्वांत फसव्या असतात. पाळीच्या आसपास पोट घट्ट फुगणे, जुलाब आणि बद्धकोष्ठ आलटून पालटून होणे, शौचाच्या वेळी आत खोलवर कळ येणे ही लक्षणे आतड्यावर या ऊतीचे डाग नसतानाही, केवळ शेजारच्या दाहामुळे, उद्भवू शकतात. अशा रुग्णांवर आयबीएसचा (आतड्याच्या चिडक्या विकाराचा) शिक्का बसतो आणि अनेकदा तेथेच शोध थांबतो. मूत्राशय बाधित असल्यास वारंवार लघवीला जावे लागते व जळजळ होते, मात्र लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. तरीही प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स दिले जातात. मूत्रवाहिनी दाबली गेल्यास धोका वेगळाच असतो. वेदना फारशी नसताना मूत्रपिंड फुगत जाऊन निकामी होऊ शकते, म्हणून खोलवरचा आजार आढळलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडांचीही सोनोग्राफी करणे आवश्यक असते.

श्वासपटलावर, बहुधा उजव्या बाजूला, डाग असल्यास दुखते ते उजव्या खांद्यात, कारण श्वासपटलाची संवेदना वाहणारा मज्जातंतू मानेतून निघतो. हाडांच्या डॉक्टरांकडे वर्षभर शेक आणि व्यायाम चालतात, खांद्याच्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, आणि दुखणे पाळीच्याच दिवसांत का येते हे कोणी विचारत नाही. क्वचित पाळी सुरू झाल्यापासून साधारण ७२ तासांच्या आत फुप्फुसाभोवती हवा साचून फुप्फुस आकसते. अचानक धाप लागणे आणि छातीत टोचणे ही आणीबाणी असून लगेच रुग्णालय गाठावे लागते. कमरेतून पायाकडे जाणाऱ्या सायटिक मज्जातंतूजवळ डाग असल्यास पायात मुंग्या व सायटिकेसारखी कळ येते, हाही प्रकार दुर्मीळच. सिझेरियनच्या टाक्यांजवळ दर महिन्याला सुजणारी, दुखणारी गाठ मात्र त्या मानाने अधिक दिसते. तिला हर्निया किंवा टाक्याचा गळू समजले जाते.

या सगळ्यांत दुवा तारखांचा असतो. कोणते दुखणे पाळीच्या कितव्या दिवशी आले, हे तीन-चार महिने साध्या दिनदर्शिकेवर खुणावून ठेवले, तर डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो. ‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की सुटेल’ अशा आश्वासनांत गेलेल्या वर्षांची भरपाई त्या खुणांनी होत नाही, पण पुढची वर्षे वाचू शकतात. तरीही या कसोटीला मर्यादा आहे. आजार जुना झाला की मज्जासंस्था अतिसंवेदनशील होते, ओटीपोटाचे स्नायू कायम आखडलेले राहतात आणि दुखणे महिनाभर पसरते. तेव्हा तारखा जुळत नाहीत म्हणून विकार नाही, असे ठरवता येत नाही. डागांचा विस्तार आणि वेदनेची तीव्रता यांचेही प्रमाण जुळत नाही. मानवी प्रजननविषयक युरोपीय संघटना एश्रे हिच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार निदानासाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणे ही पहिली पायरी राहिलेली नाही. सोनोग्राफी व एमआरआयवरून, किंवा तपासण्या निर्दोष असूनही लक्षणांवरून, उपचार सुरू करता येतात. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोगही वेदना व वंध्यत्व घडवतो, हे येथील वैद्यांना ध्यानात ठेवावे लागते.

थकवा हे बहुधा सर्वांत दुर्लक्षित लक्षण होय. दीर्घकाळचा दाह, रात्रीची तुटलेली झोप आणि अति रक्तस्रावातून आलेला पांडुरोग मिळून तो येतो. त्याला आळस समजण्याआधी हिमोग्लोबिन व शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे.

उपचारांची संप्रेरकेही स्वतःची लक्षणे घेऊन येतात आणि ती आजाराचीच वाढ समजून रुग्ण घाबरते. रोज २ मिलिग्रॅम डायनोजेस्ट हे प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखे औषध) घेताना पहिले काही महिने अनियमितपणे रक्ताचे डाग पडतात, डोके दुखते, काहींचे मन उदास होते. उदासी टिकली तर ती सहन न करता औषध बदलून घ्यावे. ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने बीजकोशांना झोपवतात, पण सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत दुखणे वाढूही शकते आणि नंतर गरम वाफा, घाम, योनीचा कोरडेपणा व हाडांची झीज होते. म्हणून सोबत अल्प मात्रेत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेन दिले जाते. डॅनाझोल या जुन्या औषधाने आवाज जाडसर होतो व तो बदल कायमचा राहू शकतो. औषध थांबवल्यावर लक्षणे परतणे हे सर्वच संप्रेरकांबाबत संभवते, कारण ती आजार दाबतात, उपटत नाहीत.

दैनंदिन उपायांत गरम पाण्याच्या पिशवीचा शेक साधा पण उपयोगी आहे. मेफेनामिक आम्लासारखी वेदनाशामके कळा टिपेला पोचण्याची वाट न पाहता, दुखणे सुरू होताच, अन्नासह घेतल्यास अधिक लागू पडतात. आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी म्हणजे ते आवळण्याचा नव्हे, तर सैल सोडण्याचा सराव. आधीच आखडलेल्या स्नायूंना आवळण्याचे व्यायाम दिल्यास दुखणे वाढते.

रजोनिवृत्तीनंतर विकार बहुधा शमतो, मात्र नेहमीच नाही. तरुण वयात दोन्ही बीजकोश काढल्यास रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अशा स्त्रीला हाडे व हृदय यांच्या रक्षणासाठी संप्रेरके द्यावी लागतात, आणि उरलेले डाग पुन्हा चेतू नयेत म्हणून, गर्भाशय काढलेले असले तरी, नुसत्या इस्ट्रोजेनऐवजी प्रोजेस्टोजेनसह दिलेली मात्रा सामान्यतः पसंत केली जाते.